दोन लाखांचा चेक परत पाठवा

(विद्यार्थी मंडळाच्या निधी-सभेत खजिनदारानं केलेलं भाषण, बोलल्याप्रमाणे.)



अध्यक्षांनी मला दहा मिनिटं दिलीत. मी वीस घेणार आहे. वर्षभर तुमची चिल्लर मोजून माझी बोटं काळी पडलीत, तेवढा माझा हक्क.

आधी हिशेब. आपल्याकडं भाषणं आधी होतात आणि हिशेब वेळेअभावी राहून जातो. आज उलटं करू.

वसतिगृहांतून आणि आजूबाजूच्या बिल्डिंगांतून गोळा केलेली रद्दी विकून 11,240 रुपये. 14 एप्रिलच्या पुस्तकांच्या स्टॉलवर सुटलेला नफा 9,875. जलशाची तिकिटं, पन्नास रुपयाला एक, 22,300. चाळींतून, नाक्यांवरून जमवलेली वर्गणी 17,560. एकूण 60,975 रुपये. खर्च, म्हणजे हॉलचं भाडं, माइक, छपाई आणि पेटीवाल्याचा टॅक्सीखर्च मिळून 8,450. हातात शिल्लक 52,525. पावत्या टेबलावर ठेवल्यात. ज्याला बघायच्यात त्यानं सभेनंतर बघाव्यात, लाजू नये.

या पैशात कोणाकोणाचा घाम आहे तेही सांगते. एका सफाई कामगार मावशीनं दहाची नोट दिली आणि पावती घेतली नाही. मी जबरदस्तीनं दिली. नाक्यावरच्या बिगाऱ्यांनी मिळून चारशे दिले. एका प्राध्यापकानं मात्र वीस मिनिटं स्त्रीमुक्तीवर बोलून घेतलं आणि शेवटी सुट्टे नाहीत म्हणाला. चालायचंच.

आता मुद्द्याचं. हा पैसा आपण सात बायांसाठी जमवला. चौघी लॉजवर आणि कोठ्यावर विकल्या गेलेल्या, तिघी वीटभट्टीवर उचलीपायी डांबलेल्या. सातही सुटून आल्यात. त्यांचं काम बघणाऱ्या वकीलताई आज इथं बसल्यात. त्या सातजणींची नावं मी सांगणार नाही. गावं सांगणार नाही. कोणी विचारू पण नये.

आणि गेल्या महिन्यात एका कंपनीच्या समाजसेवा खात्यातनं आपल्याला निरोप आला. तुमचं काम छान आहे, आम्ही दोन लाख देतो. अट एकच. समारोपाचा कार्यक्रम करायचा, मागं कंपनीचा बॅनर लावायचा, आणि सुटून आलेल्यांतल्या दोघींना स्टेजवर आणायचं. पाच-पाच मिनिटं बोलतील. तोंडाला ओढणी बांधली तरी चालेल. फोटो निघतील.

आपल्या मंडळात यावरनं दोन तट पडलेत. आज मत घ्यायचंय. मी विरोधात बोलायला उभी आहे. पण समोरच्यांचा मुद्दा मला ऐकू येतो, तो मी टाळणार नाही. ते म्हणतात, दोन लाख म्हणजे आपल्या वर्षभराच्या शिलकेच्या जवळजवळ चौपट. तुमच्या स्वाभिमानानं त्या बायांच्या घरात चूल पेटणार आहे का? प्रश्न बरोबर आहे. त्याला उत्तर द्यायला पाहिजे, नुसत्या घोषणा देऊन भागणार नाही.

उत्तर द्यायच्या आधी, या बाया विकल्या का जातात ते बघू. कारण रोग कुठला हे ठरल्याशिवाय औषध ठरत नाही.

विकली जाणारी पोरगी येते कुठनं? सिव्हिल लाइन्समधनं येत नाही. ती पाड्यावरनं येते, तांड्यावरनं येते, महारवाड्या-मांगवाड्यातनं येते, नेपाळच्या डोंगरातनं येते, बंगालच्या नदीकाठावरनं येते. तिच्या बापाच्या नावावर जमीन नसते, असली तर दगडाची असते. घरात कोणीतरी आजारी असतं. मग एक ओळखीचा माणूस येतो. हे ध्यानात ठेवा, बहुतेक वेळा ओळखीचाच येतो. मावशीचा दीर, गावचा मुकादम, लग्नाचं बोलणारा पोरगा. काम देतो म्हणतो, किंवा लग्न करतो म्हणतो, किंवा सरळ हातावर उचल ठेवतो. इथून पुढं ती पोरगी पोरगी राहात नाही, ती फेडायची रक्कम होते. कोठ्यावर घरवाली तिला पहिल्या दिवशी तेच सांगते, तुझ्यासाठी एवढे मोजलेत, ते फिटेपर्यंत बसायचं. वीटभट्टीवर शेठ तेच सांगतो. दोन्हीकडं वही मालकाच्या हातात. दोन्हीकडं कर्ज फिटत नाही, कारण खाल्लेलं, ल्यालेलं, दवाखान्यात गेलेलं सगळं त्याच वहीत चढतं.

2022 साली इगतपुरी तालुक्यातली गोष्ट पेपरांत आली होती. कातकरी वस्तीतली लहान लहान पोरं काही हजार रुपये आणि एखाद्या मेंढीच्या बदल्यात तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात मेंढ्या राखायला दिली होती. त्यातली एक दहाबारा वर्षांची मुलगी मेली, तेव्हा कुठं बोंब झाली. मेली नसती तर ती पोरं आजही मेंढ्यांमागं असती. तिच्या आईबापाला शिव्या घालणारे पुष्कळ निघाले. त्यांच्या हाताला वर्षातले किती महिने काम होतं, हे विचारणारे कमी निघाले.

आणि देवाच्या नावानं जे चालतं ते तर आपल्या घरातलंच आहे. माझ्या आजीच्या सख्ख्या बहिणीला सौंदत्तीला सोडली होती. डोक्यात जट आली म्हणून. कर्नाटकात 1982 साली देवदासी प्रथेविरुद्ध कायदा झाला. मुंबई इलाख्यात तर 1934 सालीच झाला होता. महाराष्ट्राचा नवा कायदा 2005 चा. कायदे होत राहिले आणि यल्लमाच्या डोंगरावरनं मुंबई-पुण्याच्या कोठ्याकडं जाणारी वाट चालूच राहिली. शेवटी 2015 साली ॲट्रॉसिटीच्या कायद्यात दुरुस्ती झाली, ती 26 जानेवारी 2016 पासून लागू आहे. दलित-आदिवासी बाईला देवदासी म्हणून सोडणं, सोडायला लावणं हा आता अत्याचाराचा गुन्हा आहे. माझ्या आजीच्या बहिणीला या दुरुस्तीचा काही उपयोग नाही, ती केव्हाच गेली. तिला सोडणाऱ्यांनी तिला देवाची केली आणि देवानं तिला गावाची केली.

म्हणून मी म्हणते, ही तस्करी म्हणजे काही चुकार गुंडांची करामत नाही. गुंड आहेत, भडवे आहेत, त्यांना फासावर द्या, माझी ना नाही. पण त्यांच्या धंद्याला कच्चा माल पुरवते ती ही जातीची, जमिनीची, कर्जाची व्यवस्था. वेठबिगार आपल्याला नवी नाही. महारकीच्या वतनात आपल्या आज्यापणज्यांनी रात्री-अपरात्री सरकारी टपाल वाहिली, मेलेली ढोरं ओढली, आणि मोबदला म्हणून दारोदार भाकरी मागितली. बाबासाहेबांनी 1928 साली मुंबईच्या कौन्सिलात त्या वतनाविरुद्ध बिल मांडलं ते काही उगाच नाही. आणि घटना झाली तेव्हा तिच्या 23 व्या कलमात माणसांचा अपव्यापार आणि वेठबिगार एकाच दमात बंद केले. कोठा आणि भट्टी एका ओळीत. हे कलम सरकारवर तर बंधन घालतंच, पण शेठवरही घालतं, मुकादमावरही घालतं. 1982 साली एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं सांगितलं की किमान वेतनापेक्षा कमी देऊन काम करून घेणं हीसुद्धा 23 व्या कलमाखालची सक्तीची मजुरी आहे. म्हणजे साखळदंड दिसलाच पाहिजे असं नाही. भूक हाही साखळदंड आहे.

हे एकदा कळलं की पैशाचा प्रश्न वेगळा दिसायला लागतो. या सातजणी आपल्याकडं भीक मागायला आलेल्या नाहीत. त्यांचं येणं लागतंय. सरकारकडं लागतंय, शेठकडं लागतंय.

काय लागतंय ते ऐका. वेठबिगारी बंद करणारा कायदा 1976 चा. त्याखाली पुनर्वसनाची योजना आहे, 2016 साली तिचे आकडे वाढवले. पुरुषाला एक लाख. बाई किंवा बालक असेल तर दोन लाख. कोठ्यातनं सुटलेली, तस्करीतनं सुटलेली, लैंगिक शोषण झालेली असेल तर तीन लाख. म्हणजे आपल्या चार बहिणींना एकेकीला तीन लाखांपर्यंतचं येणं आहे, आणि भट्टीवरच्या तिघींना एकेकीला दोन. याशिवाय गुन्ह्यातल्या पीडितांसाठी नुकसानभरपाई आहे, ती जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं मागायची असते. ॲट्रॉसिटीचं कलम लागलं तर त्याची मदत वेगळी.

आता मला सांगा, कंपनी देणार किती? सातजणींत मिळून दोन लाख. आणि कायद्यानं त्यांचं निघणारं येणं? चौघींचे बारा, तिघींचे सहा, अठरा लाख. ज्याचे अठरा लाख लागतात त्यानं दोन लाखांसाठी तोंडाला ओढणी बांधून स्टेजवर उभं राहायचं?

तुम्ही म्हणाल, मग मिळत का नाहीत ते अठरा लाख? इथंच खरी गोम आहे.

पहिलं, मुक्तता प्रमाणपत्र लागतं. प्रांत किंवा जिल्हाधिकारी ते देतो. भट्टीवरनं सोडवताना तिथं पोलीस असतात, तहसीलदार असतो, शेठ असतो. शेठ म्हणतो ही आपल्या मर्जीनं आलेली, उचल घेतलेली. तहसीलदार लिहितो, मजुरीचा वाद. संपलं. वेठबिगार नाही, मजुरीचा वाद. एका शब्दानं लाखो रुपये बुडाले. दुसरं, तातडीची रक्कम लगेच मिळू शकते, पण मोठी रक्कम मिळते ती मालकावर गुन्हा शाबीत झाल्यावर. खटला चालणार आठ-दहा वर्षं. प्रत्येक तारखेला बाईनं यायचं. येण्याजाण्याचं भाडं, दिवसाचा खाडा, पोराला कोणाकडं ठेवायचं तो प्रश्न. एक तारीख चुकली, दोन चुकल्या, मग साक्षीदार फुटला म्हणायला ते मोकळे. कोणी फोडला तिला? एस्टीच्या तिकिटानं फोडला.

तिसरं, कागद. आधार नाही, रेशनकार्ड नाही, बँकेत खातं नाही. ॲट्रॉसिटीसाठी जातीचा दाखला पाहिजे. अनुसूचित जातीचा दाखला काढायचा तर 10 ऑगस्ट 1950 च्या आधीपासून घराणं महाराष्ट्रात राहतंय याचा पुरावा मागतात. जी पोरगी चौदाव्या वर्षी विकली गेली तिनं आज्याच्या शाळेचा दाखला कुठनं आणायचा? आजा शाळेत गेला असता तर नात विकली गेली असती का?

आणि चौथं, सुटका म्हणजे काय याचाच घोळ. 1956 चा जो कायदा आहे, 1986 साली ज्याचं नाव बदलून अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायदा झालं, त्याच्या 17 व्या कलमाखाली मॅजिस्ट्रेट सुटलेल्या बाईला संरक्षणगृहात ठेवू शकतो. किती दिवस? एक वर्षापासून तीन वर्षांपर्यंत. तिला विकणारा दोन महिन्यांत जामिनावर सुटून पानाच्या टपरीवर उभा, आणि ती आत. जेवण वेळेवर, शिवणाचं मशीन, कुलूप बाहेरनं. म्हणून तर 19 मे 2022 ला सुप्रीम कोर्टाला सांगावं लागलं की संरक्षणगृहांची पाहणी करा आणि सज्ञान बायांना मर्जीविरुद्ध कोंडलं असेल तर सोडण्याची कारवाई करा. सांगलीच्या वेश्या अन्याय मुक्ती परिषदेतल्या बाया हे किती वर्षं सांगतायत की सोडवायच्या आधी आम्हाला विचारा. जी स्वतःच्या मर्जीनं धंदा करते ती आणि जिला विकली ती, दोघींना एकाच गाडीत कोंबून नेणं याला सुटका म्हणत नाहीत. आपल्यातल्या काही साथींना हे पटत नाही, मला माहीत आहे. यावर वेगळी सभा घेऊ. पण विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, एवढं तरी सगळ्यांना मान्य असावं.

तर मित्रांनो, आपल्या 52,525 रुपयांची जागा इथं आहे. हा पैसा कोणाचं आयुष्य उभं करायला पुरणार नाही. तसा आव पण आणू नका. पण हा पैसा तारखेचं भाडं होऊ शकतो. खाड्याची भरपाई होऊ शकतो. दाखल्याची झेरॉक्स, प्रतिज्ञापत्र, तालुक्याच्या चार खेपा होऊ शकतो. आपले तीनशे रुपये वेळेवर गेले तर तिचे तीन लाख वाचतात.

आता स्टेजचं बोलू.

आपल्यातल्या दोघी त्या सातजणींकडं जाऊन आल्या. कंपनीची अट जशीच्या तशी सांगितली, वाढवून नाही, कमी करून नाही. पाचजणी नको म्हणाल्या. एक म्हणाली, तुम्ही म्हणाल तसं. हे तुम्ही म्हणाल तसं आपण होकार धरायचा नाही. तिला आजवर हेच शिकवलंय. आणि सातवी जे म्हणाली ते मी तिच्या परवानगीनं इथं सांगते. ती म्हणाली, ताई, पहिल्यांदा विकली तेव्हा पण बाहेर उभं केलं होतं, गिऱ्हाईक बघून पैसे ठरवायचं. आता देणारे बघून ठरवणार का?

यावर माझ्याकडं बोलायला काही नाही. ज्यांना दोन लाख पाहिजेत त्यांनी तिला उत्तर द्यावं.

कायदा पण सांगते. बलात्कार झालेल्या बाईची ओळख छापणं, उघड करणं हा नव्या न्याय संहितेच्या 72 व्या कलमाखाली गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. मुलगी अल्पवयीन असेल तर 2012 च्या पोक्सो कायद्याचं कलम वेगळं. ओढणी बांधली म्हणजे ओळख लपली असं कंपनीवाल्यांना वाटतं. आवाज असतो, बोली असते, हातावरचं गोंदण असतं. शंभर मोबाइल वर झालेले असतात. संध्याकाळपर्यंत गावात पोचतं. आणि गावात भट्टीचा शेठ बसलाय, जामिनावर.

तरी कोणी म्हणेल, बोललं पाहिजे, लपून किती दिवस राहायचं, लाज विकणाऱ्याला वाटली पाहिजे. अगदी बरोबर. पण बोलायचं कधी, कुठं, कोणापुढं, हे तिनं ठरवायचं. याचा एक दाखला देते, आणि तो आपल्याच मुंबईतला आहे.

फेब्रुवारी 1996. हायकोर्टाच्या हुकमावरनं पोलिसांनी कामाठीपुऱ्यात आणि आसपास धाडी घातल्या. चारशेच्या वर मुली बाहेर काढल्या, त्यातल्या दोनशेच्या आसपास नेपाळी. त्यांना सरकारी सुधारगृहांत ठेवलं. नेपाळ सरकारनं हात वर केले, या आमच्या कशावरून, कागद कुठायत? महिनोन् महिने पोरी आत. शेवटी काठमांडूच्या काही संस्थांनी पुढं होऊन जुलैमध्ये शंभराच्या वर मुली परत नेल्या. तिकडं पण स्वागत काय झालं असेल ते समजा. घरच्यांनी दार लावलं, पेपरांनी रोगाच्या बातम्या छापल्या.

त्यातल्याच पंधरा जणी एकत्र बसल्या आणि त्यांनी स्वतःची संघटना काढली. नाव शक्ती समूह. तस्करीतनं सुटलेल्या बायांनी स्वतः चालवलेली. नोंदणी करायला गेल्या तर नागरिकत्वाचे कागद नाहीत, म्हणून नोंदणीला 2000 साल उजाडलं. त्यातल्या चारीमाया तामांग. सिंधुपाल्चोकच्या. सोळाव्या वर्षी विकल्या गेलेल्या. परत गेल्यावर त्यांनी आपल्याला विकणाऱ्यांवर स्वतः केस घातली आणि 1997 साली त्यांना शिक्षा झाली. सुनीता दनुवार त्याच संघटनेच्या अध्यक्ष झाल्या. 2013 साली शक्ती समूहाला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. या बाया आपल्या नावानिशी, उघड्या तोंडानं जगापुढं बोलल्या. पण आधी त्या एकत्र बसल्या. आधी आपली खोली मिळवली, आपला शिक्का मिळवला, आपली वही आपल्या हातात घेतली. मग बोलल्या. कोणाच्या बॅनरखाली पाच मिनिटं नाही बोलल्या.

फरक कळतोय का? एका ठिकाणी बाई बोलते. दुसऱ्या ठिकाणी बाई दाखवली जाते.

आणि नाव लपवून मदत करणं हा काही भित्रेपणा नव्हे, ती आपली परंपरा आहे. 1863 साली जोतिबा-सावित्रीबाईंनी पुण्यात आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. फसवल्या गेलेल्या विधवांनी यावं, गुपचूप बाळंत व्हावं, मूल न्यावं किंवा ठेवावं. तशा पाट्या लावल्या पुण्यात. गुप्तता राखली जाईल हेच त्या पाटीतलं मोठं आश्वासन होतं. सावित्रीबाईंनी कोणा बाळंतिणीला ओट्यावर उभं करून वर्गणी नाही मागितली. काशीबाईचं मूल मात्र आपलं म्हणून वाढवलं, डॉक्टर केलं.

बाबासाहेबांचंही सांगते. 16 जून 1936. परळचा दामोदर हॉल. नायगावच्या महार परिषदेला जेमतेम पंधरा दिवस झालेले. त्या दिवशी बाबासाहेब बोलले ते कामाठीपुऱ्यातल्या देवदासी, जोगतिणी, आराधी बायांपुढं. शब्द कडक होते. हे जिणं सोडा म्हणाले, पोटाचं काय करू हे मला विचारू नका म्हणाले. आज ते वाचताना आपल्यातल्या काही मुलींना ते टोचतं, आणि टोचण्यावर चर्चा व्हावी. पण एक गोष्ट बघा. त्या बायांबद्दल ते शेठ लोकांच्या सभेत बोलले नाहीत. त्यांना समोर बसवलं आणि त्यांच्याशी बोलले. चळवळीतली माणसं म्हणून बोलले. ज्या काळी त्या बायांशी उजेडात बोलायला कोणी तयार नव्हतं, त्या काळी त्यांच्यासाठी हॉल घेतला.

आज कामाठीपुऱ्यात जाऊन बघा. बाया कमी झाल्यात, टॉवरची भाषा चालू आहे. चांगलं झालं म्हणणारे भेटतील. धंदा संपलेला नाही, तो लॉजवर गेला, फ्लॅटवर गेला, मोबाइलच्या पडद्यात गेला. पूर्वी गल्ली नंबर तरी सांगता यायचा. आपल्या वसतिगृहातल्या पोरापोरींना परदेशी नोकरीचे मेसेज येतात ना, कॉम्प्युटरचं काम, राहणं-खाणं फुकट? म्यानमारच्या सरहद्दीवर अशाच नोकरीवर नेऊन डांबलेल्या पाचशेच्या वर भारतीय पोरांना मार्च 2025 मध्ये विमानांनी परत आणावं लागलं. त्यांच्यात पदवीधर होते. तेव्हा हे त्यांचं दुखणं आणि आपण मदत करणारे, असा रुबाब कोणी करू नये.

आता समोरच्या साथींना शेवटचं. तुम्ही म्हणता स्वाभिमानानं चूल पेटत नाही. खरंय. म्हणून मी नुसता नकार घेऊन आलेली नाही, कामाचा ठराव घेऊन आलेय. ऐका आणि मत द्या.

एक. कंपनीला पत्र लिहायचं. पैसे द्यायचे असतील तर बिनअटीचे द्या, बॅनर नाही, बाई नाही, फोटो नाही. पावती देऊ, हिशेब देऊ. आणि त्याच पत्रात विचारायचं की तुमच्या इमारतीला वीट कोणत्या भट्टीवरनं येते आणि तिथल्या मजुराला किमान वेतन मिळतं का. या दोन गोष्टींवर चेक आला तर आला. नाही तर राम राम.

दोन. 52,525 रुपये आपण वाटायचे नाहीत. सातजणींची बैठक घ्यायची, भाड्यासकट. पैसे कशावर, कोणाला आधी, हे त्या ठरवतील. खात्यावर तीन सह्या लागतील, दोन त्यांच्या आणि एक माझी. माझी एकटीची सही चालता कामा नये.

तीन. मंडळातल्या प्रत्येकानं महिन्यातला एक दिवस द्यायचा. पैसे नाही, दिवस. तारखेला तिच्याबरोबर कोर्टाच्या बाकावर बसायचं. प्रांताच्या ऑफिसात मुक्तता प्रमाणपत्राचा अर्ज लावायचा, पोच घ्यायची, तीस दिवसांनी माहिती अधिकारात विचारायचं काय झालं म्हणून. कायद्याच्या वर्गातल्या पोरांनी भरपाईचे अर्ज भरायचे, वकीलताई तपासतील. एकटी बाई दिसली की कारकून उद्या या म्हणतो. सहा पोरंपोरी मागं उभी दिसली की त्याला फाइल सापडते. हा अनुभव आहे, थिअरी नाही.

चार. आपल्या कागदावर, पोस्टरवर मदत, आधार, उद्धार हे शब्द नकोत. खर्चाच्या वहीवर लिहायचं, हक्काचं भाडं. आपण त्यांना तेवढंच देतोय, त्यांच्या हक्कापर्यंत जायचं भाडं. पुढचा प्रवास त्या करतील, आपण शेजारच्या सीटवर.

कोणी म्हणेल एवढ्यानं तस्करी थांबणार आहे का? नाही थांबणार. जमीन मिळाल्याशिवाय, गावात बारमाही काम मिळाल्याशिवाय, जात मोडल्याशिवाय नाही थांबणार. ती लढाई आपण सोडलेली नाही. पण भट्टीच्या एका शेठला शिक्षा झाली, एका प्रांताला वेठबिगार हा शब्द आपल्या हातानं लिहावा लागला, तर त्या तालुक्यातला पुढचा मुकादम उचल देताना दोनदा विचार करील. तेवढं आपल्या हातात आहे, ते तर करू.

पुढची तारीख येत्या सोमवारी आहे, सकाळी अकरा वाजता. दोघीजणी चार तासांचा प्रवास करून येणार आहेत. त्यांच्याबरोबर कोण बसणार, त्याची यादी टेबलावर पावत्यांशेजारी ठेवलीय. ठरावाला हात वर करणाऱ्यानं आधी त्या यादीत नाव लिहावं.

जयभीम.